घाटाखालच्या कॅथलॅबमध्ये रोज काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची खोली) टेक्निशियनचा कोर्स आणि दोन वर्षं नोकरी झाली, आता सिंधुदुर्गात घराजवळच्या नव्या कॅथलॅबमध्ये रुजू होताय. आठवड्याला चार-पाच केसेस, माणसं मोजून पाच, कार्डिऑलॉजिस्ट सर आठवड्यातून तीन दिवस कोल्हापुराहून येतात. सुरक्षेसाठी रोज करायच्या गोष्टींची यादी तुम्हाला हवी आहे. पुण्याची चेकलिस्ट काढली की तिथले लोक म्हणतात, "एवढ्या केसेस आहेत कुठे?"

यादी तुमच्याकडे आहेच, पुण्याची घ्या. अडचण त्या वाक्यात आहे.

मी बावीस वर्षं कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. पहिली नऊ मुंबईत, पुढची रत्नागिरी जिल्ह्यात. मुंबईत दिवसाला बारा-चौदा केसेस व्हायच्या आणि चुका व्हायच्या त्या गर्दीमुळे. घाई, थकवा, एकाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर. इकडे आले तेव्हा वाटलं, आता निवांत. निवांतपणाच नडतो हे कळायला एक पावसाळा जावा लागला. गर्दीच्या लॅबमध्ये शॉक मशीन बिघडलं तर दुपारपर्यंत कळतं, कारण ते कुणाला तरी लागतंच. तुमच्याकडे ते तीन आठवडे कोपऱ्यात बिघडून उभं राहील आणि ज्या रात्री लागेल त्याच रात्री कळेल. मुंबईत शेजारच्या ओटीतून दुसरं ओढत आणता येतं. इथे दुसरं घाटापलीकडे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जी वस्तू वेळेला उसनी मिळणार नाही ती रोज हातात घेऊन बघायची, त्या दिवशी केस असो वा नसो. बाकीच्यांना आठवड्याची तपासणी पुरते. केसेस कमी आहेत म्हणूनच तपासायचं, असं त्या लोकांना सांगा. पटलं नाही तरी तुम्ही करत राहा, महिन्याभरात बोलणं थांबतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. यूपीएस केवढा आहे, बायपासची सोय किती तासांवर आहे, सर नसतात त्या दिवशी हार्ट अटॅकचा पेशंट आला तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन कोण देणार आणि पुढे कुठे पाठवणार, हे तुमच्या लॅबमध्ये आधीच कागदावर लिहिलेलं हवं. नसेल तर पहिल्या महिन्यात सरांच्या मागे लागून लिहून घ्या. खाली सांगते ते माझ्या लॅबच्या अनुभवावरून, तुमच्या जागेला बेतून घ्या.

विजेपासून सुरू करते, कारण कोकणात सगळं तिथेच येऊन थांबतं. मृगाचा पहिला पाऊस आला की फांद्या तारांवर, तारा रस्त्यावर. लॅबला यूपीएस असतो, पण तो काय काय चालवतो हे फार थोड्यांना माहीत असतं. काही ठिकाणी पूर्ण यंत्र चालतं. काही ठिकाणी फक्त फ्लुरो (थेट दिसणारं एक्स-रे चित्र) चालतो, सिने (त्याचं रेकॉर्डिंग) होत नाही. काही ठिकाणी फक्त कॉम्प्युटर जिवंत राहतात, एक्स-रे बंद. तुमचा यापैकी कोणता ते इंजिनिअरला विचारा आणि पॅनेलवर मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवा. यंत्र पूर्ण बंद पडलं तर ते पुन्हा उभं राहायला कित्येक मिनिटं जातात आणि तेवढा वेळ पेशंटच्या हृदयात वायर असते.

आम्ही महिन्यातून एकदा, टेबलावर पेशंट नसताना, मेन स्विच पाडतो. जनरेटर किती सेकंदांत उचलतो, मॉनिटर टिकतो का, दार उघडायला कुठली किल्ली लागते, हे सगळं बघतो. खऱ्या वेळी काय करायचं तेही ठरलेलं आहे. सरांचे हात आहेत तिथे थांबतात, वायर कुणीही ओढत नाही, सिस्टर पेशंटशी बोलत राहतात आणि मी ईसीजी व प्रेशर मोठ्याने वाचत राहते. पहिल्या सरावात आमचा जनरेटर उचललाच नाही. टाकीत डिझेल होतं, बॅटरी मेली होती.

पावसाळ्याचा दुसरा त्रास दमटपणा. बिल वाचवायला रात्री एसी बंद करणारे सगळीकडे असतात. सकाळी दार उघडलं की काचा घामेजलेल्या, यंत्राच्या कपाटावर ओल. एक्स-रेच्या डिटेक्टरला आणि इलेक्ट्रॉनिक कार्डांना ही ओल मानवत नाही, त्यात समुद्राची खारी हवा. कंपनीने दिलेल्या कागदावर तापमानाची आणि आर्द्रतेची मर्यादा लिहिलेली असते. भिंतीवर एक साधा मापक लावा, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत टिपा. आकडे जमले की प्रशासनाशी भांडायला सोपं जातं, "सर, ओल येते" म्हटल्यावर कुणी हलत नाही. यंत्राच्या मागच्या खोलीत पालीही बघत जा आणि उंदीरही. हसू नका, केबल कुरतडलेली मी पाहिली आहे.

हीच ओल निर्जंतुक पाकिटांवरही बसते. पाकिटाचा कागद एकदा ओला झाला की आतली वस्तू निर्जंतुक राहिली असं धरता येत नाही, मग बाहेरच्या इंडिकेटरचा रंग कितीही बदललेला दिसो आणि छापील मुदत पुढच्या वर्षीची असो. सुरकुतलेलं, डाग पडलेलं, कडेला सुटलेलं पाकीट बाजूला काढायचं. खालच्या कप्प्यात, भिंतीला टेकून काहीही ठेवू नका.

आता टेबल. माझ्या मते कॅथलॅबमधली सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे हिरव्या कापडावरच्या त्या वाट्या. सलाइन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं सलाइन, लिग्नोकेन, नायट्रोग्लिसरीन, डाय (एक्स-रेत रक्तवाहिन्या दाखवणारं द्रव), सगळं पाण्यासारखं स्वच्छ. बघून काहीही ओळखता येत नाही. अमेरिकेत सिॲटलच्या एका रुग्णालयात २००४ साली डायऐवजी त्वचा साफ करायचं क्लोरहेक्सिडीन रक्तवाहिनीत गेलं आणि पेशंट दगावली. दोन्ही द्रवं रंगहीन, दोन्ही एकसारख्या बिनचिठ्ठीच्या वाट्यांत. तिथले लोक अडाणी नव्हते. म्हणून नियम असा की चिठ्ठी आधी, औषध नंतर. रिकाम्या सिरिंजवर नाव लावायचं, मगच भरायची. भरून मग लावू म्हटलं की फोन वाजतो. आणि पेशंटची मांडी किंवा मनगट पुसून झालं की अँटिसेप्टिकची वाटी टेबलावरून उचलायची, कडेला सरकवून चालत नाही.

हेपरिनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे माझे हात भाजलेत. आपल्याकडे ५ मिलीच्या कुपीत ५,००० युनिट हेपरिन मिळतं आणि तशाच ५ मिलीच्या कुपीत २५,००० युनिटही मिळतं. आकार तोच, झाकण जवळजवळ तसंच. अँजिओप्लास्टीला वजनाच्या दर किलोला ७० ते १०० युनिट देतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण पाच हजार. पहिल्या कुपीतून ती अख्खी कुपी झाली, दुसरीतून फक्त १ मिली. मी आधी काम करत होते त्या एका ठिकाणी स्टोअरने न सांगता कुप्या बदलल्या. सिस्टरांनी सवयीने पाच मिली काढले आणि म्हणाल्या, "हेपरिन पाच एमएल." मी सहज विचारलं, "युनिट किती?" त्यांनी कुपी पुन्हा वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. पंचवीस हजार हातात होते.

त्या दिवसापासून आम्ही हेपरिन मिलीत बोलतच नाही. सर युनिट सांगतात, सिस्टर युनिट परत म्हणतात, मी वेळ लिहिते. लॅबमध्ये एकाच ताकदीची कुपी ठेवायची, दुसरी आतच येऊ द्यायची नाही. उतारा म्हणून प्रोटामाइन कुठे आहे ते पाचही माणसांना ठाऊक हवं. दर १०० युनिट हेपरिनला साधारण १ मिलिग्रॅम असा त्याचा हिशोब, द्यायचं की नाही ते सर ठरवतात. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, मात्र तुमची जबाबदारी. अँजिओप्लास्टी चालू असताना ती यंत्राच्या प्रकारानुसार २५० ते ३५० सेकंदांच्या आसपास ठेवतात आणि लांबलेल्या केसमध्ये अर्ध्या तासाने पुन्हा बघतात. एसीटीच्या कार्ट्रिजची मुदत सकाळी तपासा. कमी केसेसच्या लॅबमध्ये कार्ट्रिज वापरून संपत नाहीत, मुदत उलटून संपतात.

तुमच्याकडे हा विषय आणखी गुंतेल, कारण निम्मे पेशंट दुसरीकडून येतील. देवगड, वैभववाडी, कुठल्याशा ग्रामीण रुग्णालयातून, छातीत दुखून पाच-सहा तास झालेले, सोबत घडी घातलेली चिठ्ठी. तिच्यावर तीन गोष्टी शोधा: गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं का आणि किती वाजता, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस दिला का, आणि एनॉक्सापॅरिन (हेपरिनच्याच कुळातलं इंजेक्शन) दिलं का. शेवटचं सगळ्यात जास्त राहतं. पोटावर टोचलेलं एनॉक्सापॅरिन कुणी सांगितलं नाही आणि इथे नेहमीचं हेपरिन वर दिलं, तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. चिठ्ठीवर नसेल तर पाठवणाऱ्या सिस्टरांना फोन करा, नातेवाइकांना विचारा, पेशंटचं पोट बघा. टोचल्याचा निळा डाग बरंच सांगतो. गाठ विरघळवायचं इंजेक्शन झालेल्या पेशंटला जमेल तिथे मनगटातूनच जायचं असतं, म्हणून रेडियलची तयारी आधी उघडा.

फॉर्मवर एक प्रश्न तुम्हाला हमखास छापलेला दिसेल: "माशांची ॲलर्जी आहे का?" मालवणच्या माणसाला विचारून बघा, आधी हसेल. या प्रश्नामागे समज असा की मासळीत आयोडीन, डायमध्ये आयोडीन, म्हणून एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची. तसं नाही. कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नाही. विचारायचं असेल तर हे विचारा: याआधी डाय दिली होती का, तेव्हा खाज, सूज, दम लागला होता का? दमा आहे का? क्रिएटिनिन किती? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? मूत्रपिंड आधीच अशक्त असेल तर सरांना केस सुरू होण्याआधी आकडा दिसला पाहिजे, म्हणजे डाय मोजून वापरली जाते. किती मिली गेली ते तुम्ही मध्ये-मध्ये सांगत राहा.

पेशंटला आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा. वेंट्रिकलमध्ये (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) डाय गेली की अंगभर गरम वाटतं. न सांगितल्यास टेबलावरून "माका भितुरसून गरम लागता" असा ओरडा येतो आणि माणूस उठायला बघतो. आणि "खोका" म्हटलं की जोरात खोकायचं, हेही. उजव्या कोरोनरीत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) डाय गेल्यावर ठोके मंदावतात, खोकल्याने डाय पुढे सरकते आणि लय सावरते. आयत्या वेळी समजावत बसायला वेळ नसतो.

प्रेशरची रेघ तुमची. ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) छातीच्या निम्म्या जाडीच्या उंचीला, झिरो केलेला. टेबल वरखाली केलं की पातळी पुन्हा बघायची. १० सेंटिमीटरचा फरक पडला तर आकडा साधारण पाऱ्याच्या सात-साडेसात मिलिमीटरने खोटा होतो. नळीतला बुडबुडा रेघ बसकी दाखवतो आणि तोच आत गेला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मॅनिफोल्ड (नळ्या जोडायचा तोट्यांचा संच) भरताना बोटाने टिचक्या मारून हवा काढायची आणि डाय देताना सिरिंजचं तोंड खाली ठेवायचं. पण कॅथेटर डाव्या मुख्य धमनीच्या तोंडाशी असताना रेघ अचानक बसली तर बुडबुड्याचा विचार नंतर. टोक भिंतीला टेकलंय किंवा तोंड अरुंद आहे. त्या क्षणी डाय ढकलणं धोक्याचं. तुम्ही बोललंच पाहिजे: "सर, प्रेशर डॅम्प आहे."

नवीन माणसाला हे वाक्य घशातून निघत नाही, विशेषतः सर दीड-दोन तास घाट उतरून आलेले आणि संध्याकाळी परत जायच्या घाईत असतात तेव्हा. मी पहिल्याच दिवशी सरांना विचारून घेतलं होतं, "मी मध्ये बोलले तर चालेल ना?" ते म्हणाले, "नाही बोललात तर चालणार नाही." एकदा असं ठरलं की ओरडा बसला तरी मनाला लागत नाही.

शॉक मशीन रोज सकाळी. बॅटरीवर सुरू करा, कंपनीने सांगितलेला टेस्ट शॉक द्या, पट्टी छापून वहीत चिकटवा. चार्जिंगचा दिवा लागलाय हे पुरेसं नाही. हार्ट अटॅकच्या केसमध्ये पॅड छातीवर आधीच लावलेले बरे. तात्पुरत्या पेसमेकरच्या डब्यातली बॅटरी आणि त्याची केबल एकत्र आहेत का तेही बघा. आमच्याकडे डबा एका कपाटात आणि केबल दुसऱ्यात होती, कुणी तरी "नीट" आवरलं होतं.

किरणोत्सर्गाबद्दल तुम्हाला कोर्समध्ये शिकवलंय, म्हणून शिकवलेलं असूनही रोज चुकतं तेवढंच सांगते. तुमच्या अंगावर येणारे किरण मुख्यतः पेशंटच्या शरीरावरून विखुरलेले असतात. ट्यूब टेबलाखाली असते, त्यामुळे विखुरणं खालच्या अंगाला जास्त, म्हणून टेबलाला लटकणारा शिशाचा पडदा महत्त्वाचा. अडचण होते म्हणून तो काढून ठेवलेल्या लॅब मी बघितल्या आहेत. एका मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस साधारण चौथाई होतो. सिनेच्या वेळी एक पाऊल मागे, एवढी फुकटची सुरक्षा दुसरी नाही. सिस्टर औषध द्यायला आत गेल्या की "आत आहे" म्हणतात आणि सर पेडलवरून पाय उचलतात, ही सवय लावून घ्या. डिटेक्टर पेशंटच्या जवळ आणलेला आहे का, हे सांगणारे तुम्हीच.

ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकला की आतलं शिसं चिरतं आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. हँगरवर टांगा आणि वर्षातून एकदा फ्लुरोखाली बघा. पावसाळ्यात त्यांना बुरशीचा वास येतो. सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा.

टीएलडी बिल्ला (अंगावर किती किरण आले ते मोजणारा) ॲप्रनच्या आत, छातीवर. काम संपलं की लॅबबाहेर, कंट्रोल बिल्ल्याजवळ (तुलनेसाठी किरणांपासून दूर ठेवलेला). आमच्या एका ब्रदरचा बिल्ला ॲप्रनलाच अडकून लॅबच्या आतल्या खुंटीवर तीन महिने राहिला. तो रजेवर असतानाही बिल्ला केसेस करत होता. रिपोर्टमधला आकडा बघून चौकशीचा कागद आला आणि उत्तर लिहिताना त्याचा घाम निघाला. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०. नीट काम करणारा टेक्निशियन तिच्या जवळपासही जात नाही, पण खोटा आकडाही नोंदीत चढतो. बायका सहकारी असतील तर त्यांना सांगा, दिवस राहिल्याचं लवकर आणि लेखी कळवायचं. त्यानंतर पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची. दुसऱ्या खेपेला मी सात महिने कंट्रोल रूममध्ये बसून प्रेशर वाचलं आणि सगळा स्टॉक लावला. लॅब बंद पडली नाही.

कचऱ्याचं पुण्यासारखंच: सुया पांढऱ्या डब्यात, कॅथेटर-नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं उपयोगी, ७२ तासांनंतर त्याचा अर्थ उरत नाही. ते औषध तुमच्या रुग्णालयात रात्रीही मिळतं का, हे आधी बघून ठेवा.

स्टॉकबद्दल. नेहमीच्या मापाचे स्टेंट आणि बलून वेंडर पाठवतो, पण तोही घाट उतरून येतो आणि पावसात दरड कोसळली की येत नाही. शेवटचा नग उघडला की मागवायचा असं इथे चालत नाही. शेवटचे दोन उरले की मागवायचा. आणि वर्षात एकदाही न लागणाऱ्या चार वस्तू, कव्हर्ड स्टेंट (फाटलेली धमनी आतून झाकणारा), स्नेअर (आत राहिलेला तुकडा पकडून काढायचा फास), हृदयाभोवतीचं पाणी काढायचा सेट आणि पेसिंगची वायर, एका लाल खोक्यात, वर मुदतींची यादी. धमनी फाटली तर कपाटं शोधत बसता येत नाही.

रजेचंही आत्ताच बघा. पाच माणसांच्या लॅबमध्ये गणपतीत चौघांना घरी जायचं असतं आणि शिमग्याला पाचांना. जूनमध्येच वाटणी करा. केस घ्यायला किमान किती माणसं हवीत हे सरांशी ठरवा आणि तेवढी नसतील तर लॅब बंद आहे असं आजूबाजूच्या ग्रामीण रुग्णालयांना आदल्या दिवशी कळवा, म्हणजे पेशंट तुमच्या दारात येऊन तास वाया न घालवता सरळ पुढे जाईल.

सोमवारी रुजू झालात की आधी हेपरिनची कुपी वाचा. मग यूपीएसच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. आमच्याकडे ती बरीच वर्षं वॉर्डबॉय मामांच्या खिशात होती, आणि मामा गणपतीत कणकवलीला.